पगार कमी की पगार थकीत? विद्यापीठातील देखभाल कामगारांसाठी वेतन-तक्रारीची वाट

विद्यापीठाच्या आवारात वसतिगृहाची मोटर जळाली, प्रयोगशाळेचा नळ फुटला किंवा ऐन परीक्षेत एखाद्या इमारतीची वीज गेली, की धावून जाणाऱ्या माणसांत तीन प्रकारचे लोक असतात. एक कायम वेतनश्रेणीतला, दुसरा वर्षानुवर्षे रोजंदारीवर असलेला आणि तिसरा ठेकेदाराचा. तिघांच्या हातात एकच पाना असला, तरी तिघांचा पगार तीन वेगवेगळ्या टेबलांवरून निघतो आणि म्हणून तिघांच्या तक्रारीची वाटही वेगळी असते. कोल्हापुरातील वायरमन, प्लंबर, पंपचालक, सुतार, गवंडी, रंगारी आणि त्यांचे मदतनीस यांना ही वाट पायरीपायरीने समजावी म्हणून हा लेख लिहिला आहे. यातील उदाहरणे कोणत्याही एका विद्यापीठाची नाहीत.

मी एका शिक्षणसंस्थेच्या आस्थापना विभागात बरीच वर्षे पगारपत्रके केली. टेबलाच्या त्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट दिसत असे. कामगार अर्ज आणत तो ‘आमचा पगार वाढवून मिळावा’ असा. प्रत्यक्षात त्यांना जी रक्कम हवी असे, तिच्यातला मोठा भाग कायद्याने आधीच देय झालेला असे. पगारवाढीच्या अर्जावर ‘धोरणात्मक बाब, योग्य वेळी विचार व्हावा’ असा शेरा मारून तो फाइलीत ठेवता येतो. ‘अमुक महिन्यांचे अमुक रुपये मला देणे आहेत’ असा आकडा घातलेला अर्ज मात्र तसा ठेवता येत नाही, कारण त्याला हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते आणि नाही म्हटले तर कारण लिहावे लागते. म्हणून हक्काची रक्कम आणि मागणीची रक्कम या दोन्हींचे कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

पहिली पायरी: आपले नाव कोणाच्या कागदावर आहे ते पाहणे

हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अनेकांना आपला मालक नक्की कोण हे सांगता येत नाही. त्यासाठी चार गोष्टी पाहाव्यात: बँक खात्यात पगार कोणाच्या नावाने जमा होतो, भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात आस्थापनेचे नाव काय आहे, ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) नोंद कोणाच्या नावाखाली आहे, आणि हजेरीपटाच्या शीर्षस्थानी विद्यापीठाचे नाव आहे की ठेकेदाराचे. नेमणूकपत्र हातात नसेल तर ते लेखी मागावे. नव्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे.

येथे कायद्यातील बदलाचा उल्लेख करणे भाग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९३६ चा वेतन प्रदान कायदा व १९४८ चा किमान वेतन कायदा यांची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. जुन्या कायद्यांखाली निघालेल्या अधिसूचना, नव्या तरतुदींशी विसंगत नसतील तेथवर, चालू राहतात. त्यामुळे ‘आता नवा कायदा आला, जुने दर रद्द झाले’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी पायरी: देय आकडा काढणे

महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात. एक मूळ दर, जो कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशा वर्गांनुसार व परिमंडळानुसार (म्हणजे कामाचे ठिकाण कोणत्या भागात येते त्यानुसार) ठरतो. दुसरा विशेष भत्ता, जो महागाईच्या निर्देशांकानुसार दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा बदलतो. पगारात सर्वाधिक गफलत होते ती याच ठिकाणी. ठेका जानेवारीत सुरू होतो, दर त्या दिवसाचा धरला जातो आणि पुढची दोन वर्षे विशेष भत्त्याची वाढ कामगारापर्यंत पोहोचतच नाही. ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी १९८३ च्या राज्य कायद्याने किमान ५ टक्के घरभाडे भत्ताही ठरवला आहे. आपल्या ठेकेदाराला तो लागू होतो का, हे पाहून तीही रक्कम हिशोबात धरावी.

दुसरी गफलत वर्गवारीची. कळंब्याच्या शासकीय आयटीआयमधून वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मुलगा पगारपत्रकात ‘हेल्पर’ म्हणून दाखवला जातो, म्हणजे काम कुशल आणि दर अकुशल. विद्यापीठाच्या निविदेत बहुधा वर्गवारीनुसार माणसांची संख्या आणि दर लिहिलेला असतो, आणि ठेकेदाराचे बिल त्या दराने निघते. म्हणून निविदेची प्रत मिळवणे हे या सगळ्या प्रकरणातील सर्वांत उपयोगी काम आहे.

सार्वजनिक विद्यापीठ माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कक्षेत येते. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, विषय एकच ठेवावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवावा. ‘आम्हाला कमी पगार का देता’ असा प्रश्न विचारला तर उत्तर येते की कारणे सांगणे ही माहिती नव्हे. त्याऐवजी कागद मागावेत: कामाचा आदेश, करारनामा, वर्गवारीनुसार मंजूर दर, मागील बारा महिन्यांची ठेकेदाराची मंजूर बिले, त्या बिलांना जोडलेली वेतनपत्रके आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे. ज्याला स्वतःचे नाव पुढे करायची भीती वाटते, त्याच्यासाठी हा अर्ज नात्यातल्या किंवा गल्लीतल्या कोणीही केला तरी चालतो, कारण माहिती मागण्यासाठी कामगार असण्याची अट नाही.

आता हिशोब. पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर चालू अधिसूचनेतून घ्यावा. समजा कुशल कामगाराचा देय पगार महिना १५,००० रुपये आहे आणि हातात १२,५०० येतात. फरक महिन्याला २,५०० रुपये, १८ महिन्यांचा ४५,००० रुपये. आता त्याच माणसाने पुराच्या महिन्यात पंपहाऊसमध्ये ३० तास जादा काम केले. कोल्हापूरकरांना २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आठवत असेल. अशा दिवसांत पंपचालकाला घरी जाणे शक्य नसते. १५,००० ला २६ दिवसांनी आणि ८ तासांनी भागले की तासाचा दर ७२ रुपये १२ पैसे येतो. जादा कामाचा दर किमान दुप्पट, म्हणजे तासाला १४४ रुपये २३ पैसे. ३० तासांचे ४,३२७ रुपये. ठेकेदाराने १२,५०० च्या दराने आणि एकेरी हिशोबाने दिलेले असतात १,८०३ रुपये. एका महिन्याच्या जादा कामातच अडीच हजारांचा फरक पडतो. याशिवाय २,५०० रुपयांच्या फरकावर ठेकेदाराचा १२ टक्क्यांचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, महिना ३०० रुपये, तोही भरलेला नसतो. असा तक्ता महिनावार, एका कागदावर, हाताने लिहिला तरी चालेल. मात्र बेरीज दोघांनी तपासलेली असावी, कारण एक चूक सापडली की समोरचा माणूस सगळा तक्ताच चुकीचा म्हणतो.

तिसरी पायरी: पुरावा, आणि तो जिथे कोणी शोधत नाही तिथे

पगाराची चिठ्ठी, बँकेचे विवरण, हजेरीपटाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र हे पुरावे सर्वांना सुचतात. देखभाल विभागात मात्र याहून भक्कम एक वस्तू असते, ती म्हणजे तक्रार नोंदवही. अमुक विभागातील पंखा बंद, अमुक वसतिगृहाचे पाणी बंद, अशी नोंद होते. कोणाला पाठवले, किती वाजता काम झाले हे लिहिले जाते आणि विभागप्रमुख किंवा अधीक्षक सही करतो. हेल्पर म्हणून पगार घेणाऱ्या माणसाने एकट्याने तीन फेज मोटर जोडल्याची, पॅनेल दुरुस्त केल्याची, रात्री साडेअकराला मुख्य वाहिनीची गळती काढल्याची नोंद विद्यापीठाच्याच अधिकाऱ्याच्या सहीने त्या वहीत असते. वर्गवारीचा वाद आणि जादा कामाचा वाद, दोन्ही ही वही मिटवू शकते. वही विद्यापीठाची असल्याने ती घरी नेऊ नये आणि तिची पाने फाडू नयेत, हे सांगायला नको. आपल्या कामाच्या नोंदींच्या तारखा स्वतःच्या डायरीत उतरवून ठेवाव्यात आणि वहीची प्रत माहिती अधिकारात मागावी. आजकाल काही ठिकाणी ही नोंद व्हॉट्सअ‍ॅप गटावर होते. तेथील संदेश पुसले जाण्याआधी त्यांची प्रत ठेवावी.

एक प्रकार असा आहे की ज्याबद्दल कामगार उघड बोलत नाहीत. ठेकेदार नियमाप्रमाणे पूर्ण पगार बँकेत जमा करतो, कागदोपत्री सगळे चोख राहते आणि दोन दिवसांनी मुकादम प्रत्येकाकडून ठरलेली रक्कम रोख परत घेतो. कधी एटीएम कार्डच त्याच्याकडे असते. हा पगार कापण्याचाच प्रकार आहे, फक्त त्याची नोंद राहत नाही. कार्ड परत घ्यावे, पिन बदलावा. नोकरी जाण्याच्या भीतीने रक्कम द्यावीच लागली, तर ती रोख न देता खात्यावरून द्यावी, म्हणजे तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव बँकेत राहते. त्याला रोखच हवी असेल, तर ज्या दिवशी ती काढली त्या दिवसाची एटीएमची पावती जपावी. दहा जणांच्या खात्यांतून दर महिन्याच्या एकाच तारखेला सारखीच रक्कम निघालेली दिसली, तर ती योगायोगाची आहे असे कोणताही अधिकारी सहजासहजी म्हणणार नाही.

कोऱ्या व्हाउचरवर सही करू नये. दबाव असेल तर सहीखाली रक्कम आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहावी.

चौथी पायरी: अर्ज कोणाला करावा

ठेकेदाराच्या कामगाराने अर्ज ठेकेदाराला उद्देशून करावा आणि प्रती विद्यापीठाच्या अभियंत्यास, कुलसचिवांस आणि वित्त व लेखा अधिकाऱ्यास द्याव्यात. शेवटची प्रत सर्वांत महत्त्वाची, कारण ठेकेदाराचे बिल आणि त्याची अनामत रक्कम ज्या हाताखालून जाते तो हात तोच आहे. ‘विद्यापीठाने बिल काढले नाही म्हणून पगार थांबला’ हे उत्तर सगळ्यांनी ऐकलेले असते. कायदा हे कारण मान्य करत नाही. मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत झाला पाहिजे, बिल निघो वा न निघो. ठेकेदार चुकला तर मूळ मालकाने, म्हणजे विद्यापीठाने, तो पगार द्यावा आणि ठेकेदाराकडून वसूल करावा, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. नव्या व्यवसायविषयक सुरक्षा संहितेतही ती आहे, मात्र तिथले कंत्राटी कामगारांविषयीचे प्रकरण ५० किंवा अधिक कंत्राटी कामगारांच्या ठिकाणी लागू होते. संख्या कमी असेल तर वेतन संहितेतील तरतुदीचा आधार घ्यावा, जिच्यानुसार मालकाने पगार न दिल्यास आस्थापनेच्या स्वामीवर जबाबदारी येते.

अर्जाची भाषा साधी असावी. ‘मी अमुक तारखेपासून आपल्या ठेक्यावर वायरमन म्हणून काम करीत आहे. सोबतच्या तक्त्याप्रमाणे अमुक महिना ते अमुक महिना या काळातील किमान वेतनाच्या फरकाचे इतके रुपये व जादा कामाचे इतके रुपये मला देय आहेत. ही रक्कम पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावी; अन्यथा सक्षम प्राधिकाऱ्याकडे दावा दाखल करावा लागेल.’ एवढे पुरे. अन्याय, शोषण, पोटावर पाय हे शब्द खरे असले, तरी ते अर्जात आले की उत्तर त्या शब्दांना दिले जाते आणि आकडा बाजूला राहतो. आवक विभागाचा शिक्का, क्रमांक आणि तारीख असलेली प्रत हातात आल्याशिवाय अर्ज दिला असे समजू नये. शिक्का नाकारला तर तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठवावा.

२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे औद्योगिक संबंध संहितेने बंधनकारक केले आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून एका वर्षात तेथे अर्ज करता येतो, समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करायचे असते आणि निर्णय मान्य नसल्यास ६० दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते. समिती कागदावरच असेल, तर तिची वाट पाहत महिने घालवू नयेत.

पाचवी पायरी: कामगार कार्यालय

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात जावे आणि वेतन संहितेच्या कलम ४५ खालील दाव्यांसाठी अधिसूचित प्राधिकारी कोण, हे विचारून दावा दाखल करावा. या दाव्याच्या चार गोष्टी कामगाराच्या बाजूच्या आहेत. दावा तीन वर्षांपर्यंतच्या रकमेसाठी करता येतो. अनेक कामगारांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि नोंदणीकृत संघटनाही तो करू शकते. प्राधिकाऱ्याला देय रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई ठरवता येते. आणि पगार दिला हे सिद्ध करण्याचा भार, कलम ५९ नुसार, मालकावर असतो. निर्णयाविरुद्ध ९० दिवसांत अपील आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीची थकबाकी तक्त्यात वेगळी दाखवावी. जुन्या कायद्यांतील मुदती तोकड्या होत्या: किमान वेतनासाठी सहा महिने, वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिने, सबळ कारण असल्यास विलंब माफ. दोन्ही काळ एकत्र केले, तर समोरचा वकील मुदतीचा मुद्दा काढून सगळा दावाच अडवू पाहतो.

भविष्यनिर्वाह निधीची तक्रार येथे चालत नाही. ती ताराबाई पार्कातील निधी कार्यालयात किंवा त्यांच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेत करावी लागते. पगारातून १२ टक्के कापले आणि पासबुकात आले नाहीत, तर ही साधी चूक नव्हे, गंभीर गुन्हा आहे, आणि मूळ मालकही त्यातून सुटत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर कसबा बावडा रस्त्यावरील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने औद्योगिक कामगार, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत विधी सहाय्यास पात्र आहेत. पुढे उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आलीच, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झाल्याने रात्रीची मुंबईची गाडी पकडण्याची गरज उरलेली नाही.

कायम कामगारांचे वेगळे

वेतनश्रेणीतील कामगाराचा वाद बहुतेक वेळा वेतननिश्चितीचा, आश्वासित प्रगती योजनेच्या (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेच्या) लाभाचा किंवा वेतन आयोगाच्या फरकाचा असतो. त्याने प्रथम स्वतःचे सेवापुस्तक पाहायला मागावे आणि नेमणूक, पदनाम, वेतनवाढ यांच्या नोंदी उतरवून घ्याव्यात. पदनामात ‘वायरमन’ आणि ‘मदतनीस’ यांची अदलाबदल एकदा झाली, की पुढची वीस वर्षे चुकीची वेतनवाढ लागत राहते आणि निवृत्तीच्या वेळी वसुली निघते. अर्ज कुलसचिवांमार्फत करावा. वेतननिश्चितीची पडताळणी उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाशी निगडित असल्याने त्याची प्रत तेथेही द्यावी. खासगी किंवा अभिमत विद्यापीठाला २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू नसतो, म्हणून तेथील कायम कामगाराने आधी आपल्या संस्थेचे सेवानियम मागावेत.

मागणीची रक्कम आणि संप

किमान वेतनाच्या वर जे हवे, ते संघटनेमार्फत मागणीपत्र देऊन मागावे लागते. विद्यापीठ हा ‘उद्योग’ आहे का, हा जुना वाद आहे. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले होते. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते मत उलटवून शिक्षणसंस्थांनाही त्या व्याख्येत आणले. नव्या संहितेत व्याख्या पुन्हा लिहिली गेली आहे, त्यामुळे मागणीपत्रापूर्वी कामगार कायद्याच्या वकिलाशी बोलावे. वेतन संहितेखालचा थकबाकीचा दावा या वादावर अवलंबून नाही.

संपाचा विचार करणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे. नोटीस दिल्यापासून १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही, समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस करता येत नाही, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. दहा किंवा अधिक जण ठरवून, विनानोटीस व विनाकारण गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापला जाऊ शकतो. माझ्या मते थकबाकीचा दावा दाखल करण्यापूर्वी काम बंद करणे ही चूक आहे, कारण त्या दिवसापासून पगार कोणी बुडवला हा विषय मागे पडतो आणि पाणी कोणी बंद केले हा विषय पुढे येतो.

कायम करण्याची मागणी हा आणखी वेगळा विषय आहे. नव्या संहितेने मुख्य स्वरूपाच्या कामांत कंत्राटी कामगारांना मनाई केली असली, तरी इमारतींची देखभाल, बागकाम, स्वच्छता ही कामे सर्वसाधारणपणे त्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. २००१ च्या सेल (स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया) प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ठेका रद्द झाला तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, हेही ठरलेले आहे. रोजंदारीवरचा, थेट विद्यापीठाच्या हजेरीपटावरचा माणूस याबाबत ठेक्यावरच्या माणसापेक्षा अधिक भक्कम जागेवर उभा असतो. त्याने आपले जुने हजेरीपट जिवापाड जपावेत.

तडजोड होताना

दावा दाखल झाला की ठेकेदार बहुधा तडजोडीला येतो. रक्कम खात्यावर जमा होण्यापूर्वी ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांखाली सही करू नये. तडजोड प्राधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यावी, आणि फरकाच्या रकमेवरील भविष्यनिर्वाह निधी भरला जाईल असे वाक्य त्यात स्वतंत्र घालून घ्यावे. ते नेहमी राहून जाते. ठेका बदलत असेल तर जुन्या ठेकेदाराकडून शेवटचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत मागावा, कारण त्याची अनामत विद्यापीठाने परत केल्यानंतर वसुलीला काही उरत नाही. नव्या ठेक्याची निविदा निघण्यापूर्वी अभियंता कार्यालयाला आणखी एक पत्र द्यावे: सध्या काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याचे आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा वायरमनचा परवाना, तक्रार नोंदवहीप्रमाणे तो प्रत्यक्ष करीत असलेले काम आणि त्यानुसार होणारी वर्गवारी. हे पत्र निविदेच्या फाइलीत लागले, की पुढच्या जानेवारीत ‘हेल्पर’ हा शब्द लिहिण्याआधी कारकुनाला ते पान उलटावे लागते.